चित्रातला निरोप : कोडिंग थिअरीने काय सोडवले, काय उरले

पंचगंगेचे पाणी चढू लागले की कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्याचे फोटो कोल्हापूरभर फिरू लागतात. पाण्याने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली का, ४३ फुटांची धोका पातळी किती दूर आहे, हे प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असते. अशा हजारो फोटोंपैकी एखाद्यात कुणी निरोप दडवला, तर तो दिसणार नाहीच. शिवाय त्या फोटोबद्दल कुणाला शंकाही येणार नाही. स्टेगॅनोग्राफी या शास्त्राचे खरे बळ या दुसऱ्या गोष्टीत आहे. एन्क्रिप्शन निरोपाचा अर्थ झाकते. स्टेगॅनोग्राफी निरोप आहे हेच झाकते.

बावड्यात १९८४पासून डी. वाय. पाटील कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजी उभे आहे. अशा कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे विषय निघाले की ‘इमेज स्टेगॅनोग्राफी’ हा विषय कुणी ना कुणी उचलतोच. फोटो घ्यायचा, त्यात मजकूर बसवायचा, दोन्ही फोटो शेजारी ठेवून ‘काही फरक दिसतो का?’ असे विचारायचे. प्रात्यक्षिक छान होते. पण गेल्या पंचवीस वर्षांत या विषयाचे गणित त्या प्रात्यक्षिकाच्या बरेच पुढे गेले आहे आणि ते पुढे नेण्यात मोठा वाटा कोडिंग थिअरीचा, म्हणजे चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांच्या गणिताचा आहे. हे गणित कुठून आले, त्याने काय साधले आणि आज अभ्यासकांत मतभेद कुठे आहेत, हे या लेखात क्रमाने पाहू.

झाकणे आणि दडवणे

या दोन वाटा मराठी इतिहासात स्पष्ट दिसतात. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवले. सकळ लिपीचे जनकत्व परंपरेने रवळो व्यासांकडे जाते. अक्षरांच्या जागी ठरलेली दुसरी अक्षरे आणि चिन्हे येत. पोथी हाती आली तरी किल्लीशिवाय वाचता येत नसे, मात्र तिच्यात काहीतरी राखलेले आहे हे पहिल्याच पानावर कळे. हे एन्क्रिप्शन. याउलट सावरकरांचा १८५७वरचा इंग्रजी ग्रंथ १९०९मध्ये हॉलंडात छापून भारतात आला तो दुसऱ्याच पुस्तकांच्या वेष्टणांत. त्यातला मजकूर सरळ वाचता येत होता. लपवलेले होते ते त्याचे अस्तित्व. दुसरी वाट ती.

या दुसऱ्या वाटेला आधुनिक गणिती रूप दिले गुस्टावस सिमन्स यांनी, १९८३मध्ये. त्यांनी मांडलेला प्रश्न ‘कैद्यांचा प्रश्न’ म्हणून ओळखला जातो. वेगवेगळ्या कोठड्यांतल्या दोन कैद्यांना पळून जाण्याचा बेत ठरवायचा आहे. पत्रे पाठवायला परवानगी आहे, पण प्रत्येक पत्र तुरुंगाधिकारी वाचतो आणि संशय आला की पत्रव्यवहारच बंद करतो. म्हणून पत्र साधेच दिसले पाहिजे. पद्धत गुप्त ठेवून चालणार नाही, गुप्त राहील ती फक्त दोघांत ठरलेली किल्ली, ही अटही या क्षेत्राने कूटशास्त्राकडून घेतली. आजचे सगळे संशोधन या तुरुंगाधिकाऱ्याच्या नजरेतून कामाची परीक्षा करते. आपल्याकडच्या प्रकल्प-अहवालांत मात्र तो सहसा नसतो. परीक्षा होते ती माणसाच्या डोळ्याची.

शेवटचा बिट

करड्या छटांच्या फोटोत प्रत्येक पिक्सेलची किंमत ० ते २५५ यांच्यातली, म्हणजे आठ बिटांची. त्यातला शेवटचा बिट बदलला तर किंमत एकाने हलते. १४२ आणि १४३ या छटांतला फरक कुणाच्याही डोळ्याला कळत नाही. म्हणून सर्वांत जुनी पद्धत सरळ आहे : निरोपाचे बिट एकामागून एक पिक्सेलांच्या शेवटच्या बिटांच्या जागी ठेवायचे. विद्यार्थी हिला ‘एलएसबी’ म्हणतात. निरोपाचा बिट आणि पिक्सेलचा बिट निम्म्या वेळा आपोआप जुळतात, त्यामुळे सरासरीने दोन बिट दडवायला एक बदल पुरतो.

चित्र किती बिघडले हे सांगायला पीएसएनआर नावाचे माप वापरतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये एक बिट कोंबला तरी हे माप ५१ डेसिबलच्या आसपास येते आणि अहवालात तो आकडा यश म्हणून नोंदवला जातो. हा आकडा खरा आहे. चित्र डोळ्यांना जसेच्या तसे दिसते, एवढे तो सांगतो. पण १९९९मध्ये आंद्रेआस वेस्टफेल्ड आणि आंद्रेआस फिट्झमन यांनी दाखवले की हाच फोटो साध्या काय-स्क्वेअर चाचणीत पकडला जातो. कारण असे : या पद्धतीत १४२ किंमत १४२ राहते किंवा १४३ होते, १४१ कधीच होत नाही. १४३ही फक्त १४२ होऊ शकते. म्हणजे किमतींच्या जोड्या पडतात आणि पुरेसा मजकूर भरला की जोडीतल्या दोन्ही किमतींची संख्या जवळजवळ सारखी होते. नैसर्गिक फोटोत असे क्वचित घडते. २००१मध्ये जेसिका फ्रिड्रिच, मिरोस्लाव गोल्यान आणि रुई डू यांची ‘आरएस’ चाचणी आली. फोटोत विखरून ठेवलेला थोडासा मजकूरही तिने ओळखला आणि त्याच्या लांबीचा अंदाजही दिला.

मग प्रश्न आला : तोच निरोप कमी बदलांत बसवता येईल का?

सात पिक्सेल, तीन बिट

याचे उत्तर जवळपास अर्धशतक तयार होते, फक्त दुसऱ्याच कामासाठी. बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग यांनी १९५०मध्ये चुका दुरुस्त करणारा कोड प्रसिद्ध केला. तारेतून सात बिट पाठवले आणि वाटेत त्यातला एक उलटला, तर तो नेमका कितवा हे घेणाऱ्याला या कोडने कळते. चूक कुठे आहे हे सांगणाऱ्या तीन बिटांना सिंड्रोम म्हणतात. १९९८मध्ये रॉन क्रँडॉल यांनी हा कोड उलटा चालवण्याची कल्पना एका छोट्या टिपणात मांडली. पाठवणाऱ्याने स्वतःच एक ‘चूक’ अशा जागी करायची की सिंड्रोम म्हणजेच निरोप होईल. योआकिम बिअरब्रावर यांनीही त्याच वर्षी या प्रश्नाकडे कोडिंग थिअरीच्या बाजूने पाहिले. या पद्धतीला मॅट्रिक्स एम्बेडिंग हे नाव पडले.

कागदावर करून पाहण्यासारखी ही गोष्ट आहे. बंधाऱ्याच्या फोटोत पाण्याच्या कडेला सलग सात पिक्सेलांच्या किमती अशा धरू : १४२, १४३, १४१, १४०, १४४, १४७, १४६. सम किमतीचा शेवटचा बिट ०, विषम किमतीचा १. म्हणजे ०, १, १, ०, ०, १, ०. जागांना १ ते ७ क्रमांक देऊन जिथे १ आहे तेवढेच क्रमांक उचलू : २, ३ आणि ६. द्विमान पद्धतीत ते ०१०, ०११, ११० असे होतात. हे एकाखाली एक मांडायचे आणि प्रत्येक उभ्या रकान्यात १ किती वेळा आला ते मोजायचे. विषम वेळा आला तर १, सम वेळा आला तर ०. तिन्ही रकान्यांत उत्तर १ येते, म्हणून सिंड्रोम १११.

आपल्याला पाठवायचे आहे १०१. १११ आणि १०१ यांच्यात फरक फक्त मधल्या जागी, म्हणजे ०१०. द्विमान पद्धतीत हा आकडा २. म्हणून दुसरा पिक्सेल बदलायचा : १४३चे १४२ करायचे. आता १ उरतो फक्त तिसऱ्या आणि सहाव्या जागी. ०११ आणि ११० यांचे रकाने मोजले की १०१ मिळते. घेणाऱ्याला मूळ फोटो लागत नाही, कोणता पिक्सेल बदलला हेही कळण्याची गरज नाही. सात पिक्सेलांचा सिंड्रोम काढला की निरोप हाती. कोणतेही तीन बिट असोत, सातांपैकी जास्तीत जास्त एक पिक्सेल बदलावा लागतो आणि आठांतून एकदा तोही नाही.

आकड्यांत फरक बराच पडतो. ‘कोल्हापूर’ हा शब्द युनिकोडमध्ये नऊ चिन्हांचा : क, ओकार, ल, हलन्त, ह, आकार, प, ऊकार, र. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१६ बिट. साध्या एलएसबीने हा शब्द दडवायला सरासरी १०८ पिक्सेल बदलतील. सात-तीनच्या हॅमिंग कोडने ५०४ पिक्सेल वापरले जातील, पण बदलतील सरासरी ६३. फोटोत जागा मुबलक असेल तर २५५ पिक्सेलांत आठ बिट बसवणारा मोठा हॅमिंग कोड घ्यायचा. मग ६,८८५ पिक्सेल लागतील आणि बदल २७च्या वर जाणार नाहीत. जागा जास्त, जखमा कमी, असा हा सौदा आहे.

यातूनच एक नीट गणिती प्रश्न उभा राहिला : एका बदलामागे जास्तीत जास्त किती बिट? साध्या पद्धतीत २, सात-तीनच्या कोडमध्ये सुमारे ३.४३. गोले यांचा प्रसिद्ध कोड २३ पिक्सेलांत ११ बिट बसवतो आणि कधीही तीनाहून जास्त बदल मागत नाही. तिथे हा आकडा ३.८६च्या आसपास जातो. क्लॉड शॅनन यांच्या सिद्धांतातून निघणारी वरची मर्यादा याही पुढे आहे : प्रत्येक पिक्सेलमागे अर्धा बिट भरायचा तर बदलामागे सुमारे साडेचार बिट. पुढच्या दशकभरात बीसीएच, एलडीजीएम अशा अनेक कोडकुळांवर याच दृष्टीने काम झाले.

बीसीएच या नावातला ‘बी’ राजचंद्र बोस यांचा आणि ‘सी’ द्विजेंद्र रायचौधुरी यांचा. पहिल्या शोधाचा मान मात्र १९५९मध्ये ऑकेंगेम यांचा. बोसांचे सहकारी शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांची आठवण इथे करायला हवी. बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी १९५९मध्ये ऑयलरचे लॅटिन चौकोनांविषयीचे जुने अनुमान खोडून काढले, ते गाजले. पण त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी कोड रचण्याविषयीही एक निबंध लिहिला, त्यात हॅडामार्ड मॅट्रिक्सांचा कोडांशी असलेला संबंध मांडला आहे. पुढे श्रीखंड्यांनी मुंबई विद्यापीठात गणिताचे अध्यापन आणि संशोधन दीर्घकाळ उभे केले. कोडिंग थिअरी ज्या संयोजनशास्त्राच्या जमिनीवर उभी आहे, त्या जमिनीची मशागत मराठी माणसाच्या हातूनही झाली आहे. हे आपल्याकडे वर्गात सांगितले जायला हवे.

किती बदलले, की कुठे बदलले?

वेस्टफेल्ड यांनी मॅट्रिक्स एम्बेडिंग २००१मध्ये प्रत्यक्षात आणले. त्यांच्या प्रणालीचे नाव एफ५. ती जेपीईजी फोटोंसाठी होती. जेपीईजीत चित्राचे आठ बाय आठचे तुकडे पडतात आणि पिक्सेलांऐवजी त्यांच्या लहरींचे गुणांक साठवले जातात. एफ५ गुणांकाचे मूल्य शून्याच्या दिशेने एकाने कमी करी. त्यात १चा ० झाला की घेणाऱ्याला तो गुणांक दिसेनासा होई आणि तेवढा मजकूर पुन्हा बसवावा लागे. परिणामी फोटोत शून्ये वाढत. पुढच्याच वर्षी फ्रिड्रिच, गोल्यान आणि दोरिन होगिया यांनी एफ५ पकडले. त्यांची युक्ती साधी होती : संशयित फोटोच्या कडेचे चार पिक्सेल कापायचे आणि तो पुन्हा जेपीईजी करायचा. आठ बाय आठची चौकट सरकते, दडवलेल्या बदलांची खूण पुसते आणि मूळ फोटोत गुणांकांची वाटणी कशी असेल याचा चांगला अंदाज मिळतो. दोन्ही वाटण्या शेजारी ठेवल्या की वाढलेली शून्ये उघडी पडतात.

बदल कमी केले तेवढ्याने भागत नाही, हे या घटनेने शिकवले. काही जागा अशा असतात की तिथे हात लावायचाच नसतो. पण त्या जागा कोणत्या हे फक्त पाठवणाऱ्याला ठाऊक असते. घेणाऱ्यापर्यंत पोचतो बदललेला फोटो. अडचण कोडिंगचीच होती आणि उत्तरही तिथूनच आले. फ्रिड्रिच, गोल्यान, पेत्र लिसोनेक आणि डेव्हिड सौकल यांनी २००५मध्ये ‘वेट पेपर कोड’ मांडले. पावसात भिजलेल्या कागदावर पाठवणारा कोरड्या ठिपक्यांवरच लिहितो. घेणाऱ्याच्या हाती येईपर्यंत कागद वाळलेला असतो, ओले कुठे होते हे त्याला कळत नाही, तरी निरोप पुरता वाचता येतो. त्याचे गणित म्हणजे ओल्या जागांना हात न लावता सिंड्रोम निरोपाइतका करणारे रेषीय समीकरण सोडवणे. याचे मूळ कुझ्नेत्सोव्ह आणि त्सिबाकोव्ह यांच्या १९७४च्या कामात सापडते; त्यांच्यापुढे प्रश्न होता संगणकाच्या स्मृतीतल्या बिघडलेल्या कप्प्यांचा.

त्यापुढची पायरी नैसर्गिक होती. ‘चालेल’ आणि ‘चालणार नाही’ या दोनच वर्गांऐवजी प्रत्येक पिक्सेलला एक खर्च लावायचा. बंधाऱ्याच्या फोटोत ढगाळ आकाशाचा सपाट पट्टा महाग, कारण तिथे एकाचाही फरक शेजाऱ्यांच्या ओळीत उठून दिसतो. बंधाऱ्यावरून कोसळणारा फेस, काठच्या उसाची पाने, झुडपे या जागा स्वस्त; तिथे किमती तशाही वेड्यावाकड्या असतात. मग निरोपही बसेल आणि एकूण खर्चही सर्वांत कमी होईल असे बदल निवडायचे. तोमाश फिलर, यान युदास आणि फ्रिड्रिच यांच्या ‘सिंड्रोम-ट्रेलिस कोड’ने हे काम २०१०-११मध्ये व्यवहारात आणले. त्यात वापरलेला व्हिटर्बी अल्गोरिदम १९६७चा, दूरसंचारातला. त्याने लाखो पिक्सेलांच्या फोटोत सर्वांत स्वस्त वाट काही क्षणांत सापडते आणि ती सिद्धांताने आखलेल्या मर्यादेच्या अगदी जवळ असते.

या क्षेत्रातला हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खर्च एकदा ठरला की तो कमीत कमी कसा करायचा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले. पुढे आरिकान यांच्या पोलर कोडवर आधारलेल्या रचनांनी त्यात आणखी थोडी भर घातली. आता ओझे आले ते खर्च ठरवण्यावर. ह्युगो (२०१०), वॉव (२०१२), युनिवर्ड अशा एकामागून एक खर्चपद्धती आल्या. त्यामागे कोडिंग एकच, अंदाज वेगवेगळे.

पकडणाऱ्यांची बाजू

दडवणारे पुढे गेले तसे शोधणारेही गेले. २०१०-११मध्ये ‘बॉस’ नावाची खुली स्पर्धा झाली. ह्युगोने मजकूर भरलेले फोटो ओळखायचे होते. विजेत्या गटाची अचूकता सुमारे ८० टक्के होती. डोळे झाकून सांगितले तरी ५० टक्के बरोबर येतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या यशाचे आणि ह्युगोच्या ताकदीचे मोल एकदमच कळते. २०१२मध्ये फ्रिड्रिच आणि यान कोदोव्स्की यांनी फोटोतून ३४,६७१ सांख्यिकी वैशिष्ट्ये काढणारी पद्धत आणली. त्यानंतर न्यूरल नेटवर्कांचा काळ सुरू झाला आणि २०१९च्या एसआरनेटने माणसाने हाताने निवडलेली वैशिष्ट्ये मागे टाकली.

या प्रगतीला एक मोठी मर्यादा आहे. नील्स प्रोव्होस आणि पीटर हनीमन यांनी २००१च्या सुमारास ईबेवरचे वीस लाख फोटो तपासले. दहशतवादी फोटोंतून निरोप पाठवतात अशा बातम्या तेव्हा गाजत होत्या. एकही दडवलेला निरोप त्यांना सापडला नाही, संशयित मात्र हजारो निघाले. शंभरात एकदाच खोटा इशारा देणारी चाचणीही दहा लाख फोटोंवर चालवली तर दहा हजार निरपराध फोटोंवर बोट ठेवते. दुसरीकडे, असा वापर होतच नाही असेही म्हणता येत नाही : २०१० साली अमेरिकेत पकडलेल्या रशियन हेरांविरुद्धच्या तक्रारीत वेबसाइटवरच्या चित्रांत मजकूर दडवल्याचे नमूद आहे आणि संगणकाला बाधा करणारा कोड चित्रातून पोचवण्याचे प्रकारही नोंदले गेले आहेत.

आज कोण काय म्हणते

अभ्यासकांची मते ढोबळपणे चार बाजूंना जातात. पहिली बाजू कोडिंगवाल्यांची. खर्च आणि कोड वेगळे ठेवा, प्रत्येक भाग स्वतंत्रपणे सुधारा. मर्यादा कुठे आहे आणि आपण कुठे आहोत हे सिद्ध करून सांगता येते, ही त्यांची ताकद. त्यांच्यावरचा आक्षेप असा की खर्चाचा आकडा प्रयोगाने जुळवलेला असतो. तो कमी झाला म्हणजे पकडले जाण्याची शक्यता कमी झाली, याची सिद्धता नाही.

दुसरी बाजू सांख्यिकीवाल्यांची. क्रिस्टियान काशाँ यांनी १९९८मध्ये सुरक्षिततेची व्याख्याच संभाव्यतेत केली : मूळ फोटोंची वाटणी आणि निरोप असलेल्या फोटोंची वाटणी यांत फरक किती? मग अंदाजाचा खर्च कशाला, फोटोतल्या गोंगाटाचे प्रारूप मांडा आणि पकडणाऱ्याच्या यशाची शक्यता थेट कमी करा. २०१६ची माइपॉड ही पद्धत या विचाराची. मांडणी शुद्ध आहे, पण खऱ्या फोटोचे खरे प्रारूप कुणाजवळच नाही.

तिसरी बाजू म्हणते की खर्चही यंत्रालाच शिकू द्या : एक नेटवर्क दडवेल, दुसरे शोधेल, दोघे एकमेकांना तासतील. निकाल चांगले येतात. मात्र कशामुळे आले हे सांगणे अवघड जाते आणि नवा शोधक आला की त्यांची हमी राहत नाही.

चौथी बाजू फोटो बदलण्याच्याच विरुद्ध आहे. यंत्र आता चित्रे स्वतः तयार करते. ते करताना होणाऱ्या यादृच्छिक निवडी निरोपाच्या बिटांनी चालवल्या तर बदल असा काही उरतच नाही. इथे वाटणी तंतोतंत ठाऊक असते, त्यामुळे काशाँच्या अर्थाने पूर्ण सुरक्षितता सिद्ध करता येते. २०२३मध्ये ‘मिनिमम एन्ट्रॉपी कपलिंग’च्या आधाराने अशी मांडणी झालीही. यातही कोडिंग आहेच, फक्त चुका दुरुस्त करणारे नाही, माहिती आवळणारे. यावर विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे : कैद्याच्या पत्रात यंत्राने काढलेले चित्र का, अशी शंका तुरुंगाधिकाऱ्याला येणार नाही का?

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न क्षमतेचा. अँड्र्यू केर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दडवणाऱ्याचे ज्ञान अपुरे असेल तर सुरक्षित मजकूर फोटोच्या आकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच वाढतो. पिक्सेल चौपट केले तर निरोप दुप्पटच. नियम सिद्ध आहे, पण एका दिलेल्या फोटोत नेमके किती बिट सुरक्षित, हे सांगणारा गुणक कुणालाही काढता आलेला नाही. ‘प्रत्येक पिक्सेलमागे अमुक बिट’ असा दावा प्रकल्पात वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरा प्रश्न वाहतुकीचा, आणि तो आपल्या रोजच्या अनुभवातला. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र वाटेत पुन्हा आवळले जाते, लहानही होते. शेवटचे बिट त्यात टिकत नाहीत. टिकवायचे तर चुका दुरुस्त करणारा कोड त्याच्या मूळ कामावर परत आणावा लागतो : आत रीड-सॉलोमनसारखा दुरुस्तीचा कोड, बाहेर सिंड्रोम-ट्रेलिस कोड. पण या दोघांची ओढ उलट दिशेला आहे. दुरुस्तीला जास्तीचे बिट हवेत, म्हणजे बदल वाढणार. शिवाय ट्रेलिस कोडमध्ये फोटोतला एक बिट चुकला की निरोपातले अनेक बिट चुकतात. मजबुती आणि अदृश्यता एकत्र किती साधता येईल याची मर्यादा सांगणारा, शॅननच्या मर्यादेसारखा स्वच्छ निकाल अजून नाही.

तिसरा प्रश्न कायद्याचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६९वे कलम सरकारला माहिती उलगडून मागण्याचा अधिकार देते आणि सहकार्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. २०२१च्या नियमांनी निरोपाचा पहिला पाठवणारा शोधण्याची अपेक्षा मोठ्या निरोपसेवांकडून केली, त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. या सगळ्या चर्चेत गृहीत असे आहे की निरोप आहे हे दिसते आणि अर्थ तेवढा बंद आहे. फोटोत निरोप आहे की नाही हेच जिथे संभाव्यतेने सांगावे लागते, तिथे चाचणीच्या टक्केवारीला पुरावा म्हणून किती वजन द्यायचे? तपास यंत्रणांची अडचण खरी आहे आणि निरपराध माणसाच्या फोटोवर खोटा इशारा आला तर त्याने काय सिद्ध करायचे, ही भीतीही खरी आहे.

चौथा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो. २०१३मध्ये केर, फ्रिड्रिच आणि इतर सहा संशोधकांनी एकत्र येऊन, प्रयोगशाळेतले हे शास्त्र बाहेरच्या जगात का चालत नाही याची यादी केली. त्यात ठळक अडचण होती फोटोंच्या उगमाची. एका प्रकारच्या कॅमेऱ्याच्या फोटोंवर शिकलेला शोधक दुसऱ्या कॅमेऱ्याचा फोटो समोर आला की गडबडतो. ज्या बॉसबेस संचावर दशकभराचे बहुतेक निष्कर्ष उभे आहेत, त्यात सात कॅमेऱ्यांचे, ५१२ बाय ५१२ पिक्सेलांचे दहा हजार करडे फोटो आहेत. आपल्या हातातला मोबाइल एका फोटोसाठी अनेक छायाचित्रे घेऊन ती एकत्र करतो, गोंगाट पुसतो, कडा धारदार करतो. शेवटच्या बिटात नैसर्गिक गोंगाट असतो, या मूळ गृहीतकालाच तो धक्का देतो. अलास्का या पुढच्या स्पर्धेने २०१९ आणि २०२०मध्ये विविधता वाढवली, तरी प्रश्न संपलेला नाही.

या कामाला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कोल्हापुरात लोकांच्या खिशात असलेल्या दहा-बारा प्रकारच्या मोबाइलांतून, एकाच जागेचे, वेगवेगळ्या उजेडातले फोटो घ्यायचे. जिथे फोन देतो तिथे कच्च्या रूपात आणि त्याच्याच जेपीईजी रूपातही. कोणता फोटो कोणत्या फोनचा आणि कोणत्या सेटिंगचा याची नोंद ठेवायची. सिंड्रोम-ट्रेलिस कोड सर्वांसाठी खुला आहे, शोधक नेटवर्कांची रचनाही प्रसिद्ध आहे. परदेशी कॅमेऱ्यांच्या फोटोंवर शिकलेला शोधक या संचावर किती चुकतो, आकाशावर जास्त की उसाच्या पानांवर, कोणत्या फोनवर खोटे इशारे वाढतात, हे एका शैक्षणिक वर्षात मोजता येईल. बावड्यातल्या एखाद्या गटाने ५१ डेसिबलच्या शेजारी हा रकाना भरला, तर त्या प्रकल्पाची दखल या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही घ्यावी लागेल.